श्रद्धांजलीनंतरचा तास

३ जानेवारी

ऑनलाइन शिकवणं म्हणजे भिंतीशी बोलणं! निवृत्त झाले तरी हाताला खडू लागतोच, म्हणून कन्हानच्या भैय्याजी सरांच्या गणिताच्या ग्रुपमध्ये शिरले. जिल्हाभरचे मास्तर आणि पोरं. कोणी कोणाला समोरासमोर पाहिलेलं नाही. आज अर्धा तास आवाज बंद ठेवूनच शिकवलं. एकानंही सांगितलं नाही!

६ जानेवारी

भिवापूरची रोशनी. आठवीत आहे. बापाच्या फोनवरून रोज विचारते — "मॅडम, हे मले समजून नाही राहिलं." पोरगी हुशार. शिष्यवृत्ती नक्की काढेल. पण बाप, नत्थू, तिला परीक्षेऐवजी मिरच्या वाळवतात त्या सातऱ्यावर मजुरीनं देठ खुडायला बसवणार म्हणतो. मी फोन केला तर म्हणे, तुमचं काय जाते जी! आणि फोन कापला. असा संताप आला! रोशनीकडून वचन घेतलंय. काही झालं तरी परीक्षा सोडायची नाही.

११ जानेवारी

माझा वाढदिवस. भैय्याजी सरांनी माझा फोटो टाकला, फुलांच्या चौकटीत. खाली शुभेच्छा लिहिल्या होत्या, पण वाचतो कोण! पहिल्यानं ठोकून दिलं — भावपूर्ण श्रद्धांजली. मग काय, मागोमाग सगळ्यांनी तेच. पोट धरून हसले. लिहिलं, अहो, मी जिवंत आहे!

ग्रुपमधल्या वैभवी मॅडमचं उत्तर: घरच्यांनी धीर धरावा, ताईंचा फोन जपून ठेवावा.

आणि सर? त्यांनी स्वतःच्याच शुभेच्छा पुसल्या. क्षमस्व, मला माहीत नव्हतं, वाढदिवसालाच गेल्या!

१२ जानेवारी

सरांना फोन केला. मी देवकी बोलतेय, म्हटलं. म्हणाले, "आवाज तर हुबेहूब मॅडमचाच. बहीण काय तुम्ही?" नाही हो, मीच! तर रडायलाच लागले. माझ्याच मरणाचं सांत्वन मला करावं लागलं.

फोन ठेवला आणि मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहिली. का पाहिली?

१७ जानेवारी

रोशनीला रोज निरोप पाठवते आहे. ऐकलेला दिसतो. उत्तर नाही.

२३ जानेवारी

ग्रुपवर माझी तेरवी केली. शोकसभेची लिंक मलाही आली! बसले जाऊन. माझ्याबद्दल एवढं चांगलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. राहवलं नाही, कॅमेरा सुरू केला. नुसती पाहत राहिले. कोणीतरी म्हणालं, फोटो छान लावला.

मग मौन. सगळे उभे राहिले. मीही उभी राहिले.

२४ जानेवारी

सकाळची बस पकडून भिवापूर. रोशनीच्या आईनं, तुळसाबाईनं, दार उघडलं. हातातलं सूप खाली पडलं. तिनं आधी माझे पाय पाहिले. सरळ आहेत ना, म्हणून. मग बोटं चाचपली आणि ओढून आत घेतलं.

रोशनी शाळेत होती. रडते काय, विचारलं. रडते अन् गणितं करते, म्हणाली. मग माझा हात धरूनच हळू बोलली. "मॅडम, मेलेल्या माणसाले देल्लं वचन मोडू नाही म्हणते तिचा बाप. पोरीले सोता अभ्यासाले बसवून राहिला. फोनवर तुमचा आवाज आला का घामानं भिजते. परीक्षा होईपर्यंत दिसू नका कोणाले. पोरीलेही नोका दिसू."

डोक्यावरून पदर घेतला. शेताच्या बाजूनं स्टँडवर आले. वाटेत शाळा सुटलेली दिसली. मान वर केली नाही.

बेसाला, घराजवळ उतरले तेव्हा शेजारीण ओळखीचं हसली. इतकं बरं वाटलं की तिथेच डोळे भरले.

७ फेब्रुवारी

परीक्षा उद्या. तुळसाबाईचा निरोप — नत्थूचं मन फिरलं, उद्या पोरीला सातऱ्यावर नेणार.

माझ्याच नंबरवरून फोन लावला. "नत्थू, मी देवकी मॅडम. उद्या रोशनीले परीक्षेले ने."

नेतो जी, म्हणाला.

ठेवणार होते. तर लहान पोरासारखा म्हणाला, "मॅडम, माही माय भेटते काय तिकडं?"

भेटते, म्हटलं. बरी आहे.