गेणबाचा उजवा हात

बारामती, ६ जानेवारी १९३६
खुरपे बोटाला लागते तेव्हा लगेच दुखत नाही. आधी रक्त दिसते. ठणका मागाहून येतो. हे कोडे सर्वांनी अनुभवले आहे, विचार कोणी केलेला नाही. माझे उत्तर: वेदना म्हणजे शरीराचे दुरुस्तीकाम, आणि कामगार जमायला वेळ लागतो. यावर निबंध लिहिणार.
हाउस सर्जनचे काम जड वाटते, कारण लोकांना पद्धत नसते. नवे टाइमटेबल केले: सकाळी वॉर्ड, मग बाहेरचे रोगी, दुपारी क्लोरोफॉर्म देणे, सायंकाळी परीक्षेचा अभ्यास, शिवाय इंदापूरचा दवाखाना. सर्व चपखल बसते. मोठे डॉक्टर मोहनराव पुण्याला जाताना म्हणाले, यंदा एक मोठे ऑपरेशन तुमच्या हातून करवू.

७ जानेवारी
टाइमटेबल सकाळीच बिघडले. दोष टाइमटेबलचा नव्हे. वरकुट्याचा गेणबा आला, गुऱ्हाळावरचा गुळव्या. माणूस कमी म्हणून स्वतः चरकात ऊस सारत होता. उजवा हात आत सापडला. हाड मोडले आहे. कोपरापर्यंत फळ्या लावून घट्ट बँडेज बांधले. इतके सुबक की, माझ्याशिवाय कोणी सोडू नये अशी ऑर्डर दिली.
त्याची बायको कुशाबाई म्हणाली, हात चालंल न्हवं? गूळ झाला का ते उकळत्या रसाची गोळी करून बोटानं बघतो त्यो. बोटावरच घर हाय आमचं. मी म्हणालो, अवश्य चालेल.

८ जानेवारी
गेणबाचा ठणका प्रचंड. बोटं टम्म झाल्यात, जरा सैल करा की डाक्टर, असे कुशाबाई म्हणाली. तिला दुरुस्तीचा सिद्धांत चित्र काढून समजावला. तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, तुमचं कामगार लई दंगा करत्यात, हाकला की त्यास्नी. सारा वॉर्ड हसला. शास्त्र सर्वांना पचत नाही. इंदापूरची मोटार सुटत होती. बँडेज उद्या पाहीन.

९ जानेवारी, इंदापूर
कोर्टात माझी साक्ष लांबली. टाइमटेबलात साक्ष धरली नव्हती, आता धरीन. अभ्यास नाही. उत्साह कायम.

१० जानेवारी, बारामती
आनंदाची बातमी! गेणबाचा ठणका पूर्ण थांबला. दुरुस्ती संपली. कुशाबाईचे समाधान मात्र नाही: बोटं गार हायती, धरून बसले तरी ऊब धरंनात. पौषाची थंडी, असे सांगून घोंगडी देवविली. गेणबा म्हणाला, डाक्टर, हात हाय का न्हाय त्येच कळंना. मी म्हणालो, हीच प्रगती. निबंधाचा आरंभ झाला.

११ जानेवारी
मोहनराव परतले. बँडेज त्यांनीच सोडले. बोटे काळी होती. त्यांनी एकेक नख दाबून पाहिले. मग म्हणाले, ऑपरेशन तुम्हीच करा. मी शेजारी उभा राहतो.
कोपराखाली कापला.

१२ जानेवारी
गेणबा भिंतीकडे तोंड करून आहे. कुशाबाईने हात मागितला. रानात पुरायचा म्हणाली. फडकं देते, बांधून द्या. पर सैल बांधा.
बांधून दिला.
निबंध होणार नाही. लिहिण्याजोगे एवढेच: आपल्या अंगठ्याचे नख दाबावे. रक्त सरते, नख पांढरे पडते. सोडावे, तत्काळ लाली परतते. बांधलेल्या हाताच्या प्रत्येक बोटावर हेच करून पाहावे. लाली न परतल्यास बांधलेले सर्व तेथल्या तेथे सोडावे, मोटार सुटत असली तरी.