बोंबलाच्या वासाचं दही

रविवार, संध्याकाळ. एडवण.

पहिल्या पगारातले पाच हजार आज चलनाच्या व्यवहारात घालायचेच, असं ठरवलं होतं. डॉलर आता चढणारच, असं मोबाईलवरच्या व्हिडिओतल्या एका सरांनी नवशिक्यांना सांगितलंय; पैसे त्यांच्याच ॲपवरून घालायचे. घरातली पहिली पदवीधर मी. मी नाही शिकणार तर कोण?

त्याच आनंदात चिकू घालून दही गार करायला घेतलं. फ्रीजमध्ये जागा नव्हती, म्हणून वाट्या आईच्या मासळी विकायच्या पेटीत, बर्फावर ठेवल्या. तेही झाकण न लावता! चिकूच्या दह्याला चक्क बोंबलाचा वास. पहिला घास खाऊन आई इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले.

"बीकॉम झालीस ना गो? पेटीत काय असते ते ठाऊक नाय तुला?"

विषय बदलायला मी डॉलरचं सांगितलं. ती म्हणाली, "गिऱ्हाईक एक पापलेट घेतं, तरी ताजं हाय का म्हणून कल्ला उघडून लाल हाय का ते बघतं. तू काय उघडून बघितलंस?"

काहीच नाही. ते सर कोण, त्यांच्या ॲपला परवानगी आहे का, हेसुद्धा नाही. चारचौघांना शहाणपण शिकवणारी मी! आधी राग आला, मग माझं मलाच हसू आलं.

आता तीन महिने फक्त वहीत खोटी खरेदी-विक्री करायची. पैसे बँकेतच राहतील. आणि वाट्यांना झाकण.

बोटांना अजून बोंबलाचा वास येतोय. आईने मात्र दुसरी वाटीही चाटूनपुसून संपवली. वर म्हणते, "वाया कशाला घालवू? हे तुझे पाच हजार थोडेच हायेत!"