बारा जणींचं बोलणं

इंदोरा, नागपूर
ता. ७ मे १९७३

चि. सिंधूस, सप्रेम जयभीम.

तुझ्या मंडळातल्या बाया बैठकीत तोंड उघडत नाहीत, म्हणून तू रडतेस. अगं, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवलं, त्या एका रविवारी कशा बोलतील? भाषण ठोकू नकोस; ती खोड माझ्याकडेच राहू दे. गोल बसा. पाण्याने भरलेला गडवा हातोहात फिरवा. गडवा जिच्या हाती तीच बोलेल. बाकीच्यांनी जमिनीकडे पाहावं, म्हणजे लाजरीची जीभ अडणार नाही. तू फक्त लिहून घे. नळ आटला म्हणून जुनी विहीर पिण्यासाठी उघडायची की नाही, ते त्यांनाच ठरवू दे.

रागावलीस तरी पत्र धाडत जा.
तुझा बळीरामदादा

वाडी
ता. १५ मे १९७३

ती. दादास, जयभीम.

तुझी युक्ती चालली. मैनाबाई नळावरच्या भांडणापासून सासूपर्यंत पोचली. गडवा हिसकावून घ्यावा लागतो की काय, असं वाटलं. बहुतेकींनी विहीर उघडा म्हटलं.

मला सोडून अकरा जणी होत्या. घरी येऊन वही पाहिली तर बोलणी बारा. अक्षर माझंच. मैनाबाई आणि अंजनाबाईच्या मधे लिहिलं आहे: "मी कुठीच गेली नाही. विहीर उपसा वं."

घरोघर विचारून आले. ऐकलं सगळ्यांनी, बोललं कुणीच नाही. अंजनाबाई म्हणते, तिने गडवा ज्या हातांतून घेतला ते मैनाबाईचे नव्हते. ओले होते, गार होते. आवाज तुळजाबाईचा वाटला म्हणे. तीन वर्षांपूर्वी ती रायपूरला पळाली, असं तिच्या नवऱ्यानं, नत्थूनं सांगितलं होतं ना? रविवारी विहीर उघडायची आहे. उपसायची गरज नाही, असं नत्थू सगळ्यांना सांगून राहिला. मी काय करू?

लेकरांना तुझी आठवण येते. लोभ आहेच.
तुझी सिंधू

इंदोरा
ता. १७ मे १९७३

चि. सिंधूस, जयभीम.

भुताखेतांवर मी शेकडो सभांत तोफ डागली, पुढेही डागीन. तुझं पत्र वाचून आधी हसलो. मग एक जुनी सभा आठवली.

तीन वर्षांपूर्वी वाडीच्या सभेत मी बायांच्या हक्कांवर बोलत होतो. तेव्हा तुळजाबाई मधेच उभी राहिली. नवऱ्याबद्दल तिला काही सांगायचं होतं. मी म्हणालो, बाई, घरगुती गोष्टी नंतर. लोक हसले. ती बसली. आठवड्याने ती पळाल्याचं ऐकलं, आणि तेही मी मुकाट्याने खरं मानलं.

विहिरीचं पाणी कुणीही पिऊ नये. शनिवारी पंप घेऊन येतो. ठाण्यात अर्जही देतो. खाली काही निघो न निघो, मला तुमच्या गोलात बसायचं आहे. भाषण करणार नाही. ती बोलायला उठली होती आणि तिला मी बसवलं, एवढं नत्थूसमोर सांगेन.

त्यानंतर माझ्यावर माया ठेवायची की नाही, ते तुम्ही बायांनी ठरवा.
बळीराम