जहाजाजवळचं पातेलं

रविवार, ८ फेब्रुवारी, कॅल्गरी

आज बेसमेंटमध्ये गेलो तर माझ्या हातच्या छोट्या लाकडी शिडाच्या जहाजाच्या पोटाला ही लांब भेग. किती हिवाळे खपलो होतो त्याच्यामागे! फळ्या आकसल्यात, सांधा उघडलाय. आजवर असं कधी झालं नव्हतं. मग याच वर्षी का?

मुलीला फोन केला. अनू म्हणाली, "बाबा, इट्स सो ड्राय. आईचं पाण्याचं पातेलं आहे ना तिथे?"

ते पातेलं? ते तर तुळशीसाठी ना? हिवाळ्यात तुळस खाली आणतो म्हणून ही तिथे पाणी भरून ठेवते, असंच मी धरून चाललो होतो. दिवाळीनंतर ही देवाघरी गेली, तेव्हा मीच ते घासून ओट्याखाली ठेवून दिलं. तुळशीला तांब्याने पाणी घालतो.

"नो, बाबा. दॅट वॉज फॉर युअर शिप. हवेत ओलावा राहावा म्हणून."

तुळस टवटवीत आहे.

आणि मी येईल त्याला जहाज दाखवून सांगायचो, इथल्या कोरड्या हवेतसुद्धा माझं जोडकाम हलत नाही म्हणून. ही शेजारीच चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. पातेल्याबद्दल एका शब्दाने बोलली नाही.