घरातल्या जबाबदार पुरुषाची सही

देवळाली प्रवरा,
ता. ७ फेब्रुवारी १९७१

ती. रूथताईस,
शांतवनचा स. सलाम वि. वि.

आधी बस, मग वाच. आईच्या डाव्या स्तनात गाठ आहे आणि ती कॅन्सरची आहे. नगरच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला, परवा निकाल आला. नाताळच्या आधीपासून तिला हाताला लागत होती म्हणे. वीस वर्षं ही या गावची नर्सबाई. पोटातलं मूल आडवं आहे की उभं ते लुगड्यावरून ओळखते, आणि स्वतःची गाठ दोन महिने पदराखाली झाकून ऊसतोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांवर बाळंतपणं करत हिंडली. काय म्हणावं!

डावा स्तन काढावाच लागणार, छातीच्या मांसासकट, काखेतल्या गाठींसकट. प्रश्न उजव्याचा आहे. तो आज निरोगी आहे. पण भागूमावशीला आधी एका बाजूला झाला, तीन वर्षांत दुसऱ्या बाजूला, आणि ती गेली. म्हणून डॉक्टर म्हणाले की एक काढायचा की दोन्ही, ते तुमचं ठरवून सांगा. चोवीस तारखेला ऑपरेशन.

झालं! ठरवायला काल आपल्या अंगणात बाज पडली. एलियामामा, पाळकसाहेब, शेजारचे आसाराम पाटील आणि मंडळीतले आणखी तिघे मान हलवणारे. सहा पुरुष, आणि एकाच्याही तोंडून स्तन हा शब्द निघेना. ती जागा, तो भाग, डावी बाजू, उजवी बाजू. जणू बैलजोडी जुंपायची आहे. मामा म्हणे एक तरी राहू द्यावा, देवाची ठेव आहे. ही ठेव राखायला मामाला कुणी नेमलं? पाळकसाहेब म्हणे या छातीनं दोन लेकरं पाजली, तिला सुरी लावण्याआधी आपण सगळे तीन दिवस उपास धरू. हे म्हणेपर्यंत त्यांची चहाबरोबर सात बिस्किटं झाली होती. पाटलांनी तर त्यांच्या खोंडाच्या मानेवरची गाठ बिब्ब्यानं कशी बसली ते सांगितलं, लई जालीम औषध हाय म्हणे, करून बघायला काय जातंय. पाटलांचं काय जाणार आहे!

मी उठून सांगितलं, दोन्ही काढायचे. ज्या फांदीला उद्या कीड लागणार ती आज ठेवायची कशाला? त्यावर मामा म्हणाला की कॉलेज अर्ध्यात सोडलेल्यानं डॉक्टरकी शिकवू नये. ताई, मी इंटर सायन्स का सोडलं ते तुला ठाऊक आहे. कृपा नर्सिंगला गेल्यावर त्या वर्गात बसून बेडूक फाडण्यात काय अर्थ होता? ती त्याच दवाखान्यात शिकते आहे. परवा व्हरांड्यात दिसली. मला बघून मान फिरवली. म्हणजे ओळखलं.

दाजींना सलाम. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पत्र मात्र रोखू नकोस.

तुझा,
शांतवन


जालना,
ता. १२ फेब्रुवारी १९७१

चि. शांतवन यास,
रूथचे अ. आ. वि. वि.

पत्र शाळेत मिळालं. पोरांना शुद्धलेखन घातलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. एका पोरीनं विचारलं की बाई, पुढचं वाक्य सांगा, तर मला पुढचं वाक्यच आठवेना. तीन दिवसांची रजा मिळाली आहे. तेवीसला संध्याकाळी पोचते.

तुझं पत्र चारदा वाचलं. त्यात मामा आहे, पाळकसाहेबांची बिस्किटं आहेत, पाटलांचा खोंडसुद्धा आहे. आईचं एकही वाक्य नाही. ती होती कुठे त्या वेळी? तुम्हा सातजणांचा चहा करत होती ना? खरं सांग.

आणि फांदी काय म्हणतोस रे! आई म्हणजे झाड नव्हे, शहाण्या.

मला विचारशील तर दोन्ही काढावेत असंच माझ्याही तोंडावर येतं. भागूमावशीला शेवटच्या महिन्यात मीच न्हाऊ घालत होते, तू लहान होतास. पण म्हणूनच मी गप्प बसणार आहे. भ्यालेल्या माणसानं दुसऱ्याचं ठरवू नये.

कृपानं मान फिरवली यात तुला आशा दिसत असेल, तर तू कॉलेज सोडलंस ते कॉलेजच्या दृष्टीनं बरंच झालं.

आईला माझा सलाम सांग, आणि सांगून झाल्यावर लगेच बोलू लागू नकोस, ती काय म्हणते ते ऐक. माझी माया तुझ्या वागण्यावर अवलंबून नाही, नाहीतर केव्हाच आटली असती.

तुझी,
रूथ


देवळाली प्रवरा,
ता. १७ फेब्रुवारी १९७१

ती. रूथताईस,
स. सलाम वि. वि.

होय, आई चहा करत होती. मग? कुणीतरी करायलाच हवा होता.

तिच्या अंगात रक्त कमी आहे म्हणून परवाच दवाखान्यात ठेवून घेतलं. तिथल्या फॉर्मवर छापलेलं आहे, घरातल्या जबाबदार पुरुषाची सही. वडील जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा तो पुरुष आपणच, असं धरून मामा आठ दिवस खिशाला पेन लावून मिरवत होता. मी काल पहिल्या एस.टी.नं नगर गाठलं. मला एकवीस वर्षं पुरी झालीत. दोन्ही काढावेत अशी फॉर्मवर खूण केली, खाली सही ठोकली आणि कागद कारकुनाच्या हातात दिला. दुपारी मामा आला तेव्हा त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. आईला विचारलं नाही. काय विचारायचं? ती म्हणाली असती देवाची इच्छा, आणि देवानं तर भागूमावशीच्या वेळी काय इच्छा धरली ते आपण पाहिलंच.

कागद वॉर्डात घेऊन जायला कोण यावं? कृपा! तिनं मला जिन्याखाली बोलावलं. ताई, दीड वर्षानं पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली, आणि काय बोलली! म्हणाली की तुझ्या मामांना निदान लाज तरी वाटते, तुला तीही नाही. म्हणाली की वॉर्डात प्रत्येक बाईच्या कागदावर अशीच कुणाची तरी ठसठशीत सही असते, आणि सहीवाले भेटीच्या वेळी फाटकापाशी पान खात उभे असतात. मी काही म्हणायला गेलो तर म्हणे हळू बोल, पेशंट झोपलेत. तिच्या टोपीची पिन निसटत होती आणि मी तिकडेच बघत होतो, हेही तिच्या लक्षात आलं. असं बघितलं माझ्याकडे, की डांबरावर चिकटलेल्या बुटाकडेसुद्धा माणूस जरा बऱ्या नजरेनं बघतो. मग कागद आईला दाखवते म्हणून जिना चढून गेली.

दाखवू दे. दीड वर्ष बेडपॅन उचलले की लागल्या या उपदेश करायला. मी सही मागे घेणार नाही. आई जगली पाहिजे. त्यापुढचं मला कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही.

लवकर ये. भांडायलाच ये, पण ये.

शांतवन


नगर, बायकांचा वॉर्ड,
ता. १९ फेब्रुवारी १९७१

चि. शांतवन यास,
आईचे अ. आ. व ख्रिस्तात सलाम.

कृपानं तुझा कागद दाखवला. सही सुरेख आहे. तेवढं तरी कॉलेजनं शिकवलं.

माझ्या शेजारच्या खाटेवर पाथर्डीकडची छबूबाई आहे. तिचं एका बाजूचं ऑपरेशन होऊन सव्वा महिना झाला. त्या बाजूचा हात खांद्यापासून सुजलाय आणि वर उचलत नाही. वेणी घालायला सिस्टरला हाक मारते. मी चार दिवस तो हात बघते आहे. मग मी डॉक्टरांना विचारलं की उजवीकडे कापलं तर माझा उजवा हात असा होईल का. ते म्हणाले की तिकडे कमी कापू, पण हाताची हमी देत नाही. हे तू विचारलं होतंस का? मामांनी? पाळकसाहेबांनी?

आडवं आलेलं मूल मी उजव्या हातानं फिरवते. डावा गेला तर भागेल. दोन्ही गेले तर मी कोपीच्या दाराशी बसून पोरींना नुसता धीर देत राहीन, आणि नुसता धीर देणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात.

भागू दुसऱ्या बाजूनं गेली हे खरं. पण दुसरी गाठ तिनं वर्षभर लपवली, लाजेनं. मीही पहिली लपवली. नर्स असून लपवली, तेव्हा मला शहाणपण सांगायचा हक्क तुला नक्कीच आहे. ठरवायचा नाही. उजवीकडे दर महिन्याला मी स्वतः चाचपून बघेन. काही लागलं तर त्याच दिवशी नगरला येईन. तरी मरेन, कदाचित. ते मला ठाऊक आहे, तू ते मला समजावू नकोस.

पाळकसाहेबांना सांग की या छातीनं पाजलेली लेकरं मोठी झाली, त्यांचा तिच्यावरचा हक्क संपला. तुला लाज वाटली तर वाटो, पण हेही लिहिते. उजवा स्तन माझा आहे, आणि मला हवा आहे.

तुझा कागद फाडला आणि नव्यावर डाव्याचीच खूण करून मी सही केली. एकच. कारकून म्हणाला की घरच्या माणसाची लागते. मी त्याला विचारलं, मग मी कुणाच्या घरची? त्यानं शिक्का मारला.

चोवीसला आलास तर आधी छबूबाईचा हात बघ, मग माझ्याशी भांड. कोंबड्या कोंडत जा. तुझ्यावर राग आहे आणि तू जेवलास की नाही ही काळजीही आहे. दोन्ही पोचती करते.

आई


देवळाली प्रवरा,
ता. २१ फेब्रुवारी १९७१

ती. आईस,
शांतवनचा सलाम वि. वि.

पत्र काल मिळालं. जेवलो नाही. आज जेवलो.

तू चुकतेस असं मला अजून वाटतं. छबूबाईचा हात मी बघणार नाही. बघितला तर तुझं पटेल, म्हणून.

सकाळी मामा आणि पाटील आले. काय ठरलं म्हणून विचारत होते. मी सांगितलं की आईला विचारा. दोघं एकमेकांकडे बघायला लागले, जणू मी काहीतरी अचकट बोललो. मग मामानं हवापाण्याची गोष्ट काढली. मला त्यांचं हसू येणार होतं, पण सोळा तारखेला मीही त्यांच्यासारखाच होतो. नुसती माझी एस.टी. आधीची होती.

चोवीसला पहाटेच्या गाडीनं येतो. फाटकापाशी उभा राहणार नाही, आत येईन. तुझ्या हातांचं, छातीचं, सगळ्याचं तुझं तू ठरवलंस. मी आता काही ठरवत नाही. फक्त मागतो. जग. कसंही, पण जग.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढाच मला पेलत नाही.

तुझा,
शांतवन