बोटभर पाणी

पनवेल, मंगळवार, एप्रिल १९९३

आनंदाने एका जागी बसवत नाही, तरी लिहितो.

उरणच्या एका मिठागराशेजारी खारं पाणी गोडं करायचा प्रयोग चाललाय. विजेचं यंत्र लावावं तर पुरेशी वीज नाही, म्हणून इंजिनिअरसाहेबांनी काचेच्या झाकणाची, उन्हावर चालणारी पेटी आणली: आत खारं पाणी तापतं, वाफ काचेला लागून गोडं पाणी ठिबकतं. त्याची रोजची नोंद ठेवायचं काम माझं. आठ दिवस रोज जेमतेम तांब्याभर पाणी! आज साहेब पेटी उचलून नेणार होते, म्हणजे गावच्या बायका टँकरच्याच मागे.

सकाळी मिठागरवाले हसुरामदादा पेटीत डोकावले. "सायेब, इतकं पानी कशाला भरलंत? आमी बोटभर ठेवतो."

"दादा, मला मीठ नकोय, पाणी हवंय."

"ऊन तेच हाय ना? थोडं पानी लवकर तापतं."

बोटभर! साहेबांनी वीतभर भरलं होतं. दादांनी पाणी उपसलं, ऊन ओढून घ्यायला तळाला काळा चिखल चोपून बसवला. पाठशाळेत मी सूर्याची बारा नावं घोकली. पण हे काही सुचलं नाही. बोटभर पाणी, काळा तळ, बस्स! संध्याकाळी दोन तांबे भरून तिसरा अर्धा.

दादांच्या बायकोने घोट घेतला. "अळनी हाय," तोंड वाकडं करत म्हणाली, आणि साहेबांकडे वळली, "पेटी नेऊ नका. अशा आनखी चार पेट्या आना."