चार दिवसांची हजेरी

सोमवार, ३

नोकरी गेली! सतरा वर्षं मोज्यांच्या जोड्या लावल्या आणि आज दुपारी साहेबांनी हातात पत्र ठेवलं. "उद्यापासून येऊ नका." जोड्या आता यंत्र लावणार. आमच्या टेबलावरच्या सगळ्यांना घरी पाठवलं, फक्त शिडीला ठेवलं – यंत्राला मोजे भरवायला उंच बाई लागते म्हणे! शिडी म्हणजे माझी मैत्रीण, पहिल्या दिवसापासून शेजारी बसणारी. नोकरी माझी गेली आणि रडू तिला फुटलं.

मला का नाही फुटलं? तेच तर लिहायला बसलेय. बेकारी भत्ता मिळणाऱ्यांना बस चालवायचं शिक्षण फुकट आहे! कामावर जाताना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून इतकी वर्षं मनातल्या मनात गिअर टाकतेय मी.

मंगळवार, ४

घरात सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "बस? तुला सायकल तरी सरळ चालवता येते का?" हे पेपरात तोंड खुपसून हसत होते. नंतर हळूच, "माझ्या ऑफिसवरून जाते तीच बस माग हं."

सोमवार, १०

अर्ज दिला! तीन तास रांग. अर्जात एक रकाना – 'अंगातलं कौशल्य'. लिहिलं: नऊ प्रकारचे काळे रंग ओळखते. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काळा एकच असतो." म्हटलं, "तुमचे मोजे दाखवा." पाय पुढे केले त्यांनी. एक निळसर निघाला! रांग हसली, त्याही हसल्या, आणि शिक्का मारला.

वर्गाची यादी २८ला बंद होते. त्याआधी भत्ता मंजूर व्हायला हवा. नाहीतर जागा गेली.

शुक्रवार, १४

आज काही नाही. पोस्टमनला तीनदा हटकलं. मला बघून रस्ता ओलांडतो आता.

सोमवार, १७

घोडं अडलं. कार्यालयात बोलावलं होतं. खिडकीवाल्या बाई म्हणाल्या, "पत्रात शेवटचा दिवस ३ तारीख. कंपनीच्या हजेरीत तुम्ही ७ पर्यंत कामावर. म्हणजे ३ला नोकरी सुटलेलीच नाही. तारखा जुळेपर्यंत भत्ता नाही." घरी भांडी घासत होते मी तेव्हा! कामावर काय माझं भूत जात होतं?

परतताना बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला. शिडी! आमचा दोघींचा रिवाजच होता – जी आधी पोचेल तिनं दोघींची हजेरीची कार्डं पंच करायची. माझं कार्ड फळीवरून कुणी काढलंच नव्हतं. सवयीनं हात गेला असणार बयेचा, चारही दिवस!

मंगळवार, १८

सुटीच्या वेळी शिडीला गेटवर गाठलं. "अगं, चार दिवस फुकट राबवलंस मला!" दोघी हसून हसून फुटपाथवर बसलो. मग तिचा चेहरा उतरला. "मी सांगते साहेबांना."

"खबरदार!" मी ओरडलेच. दुसरीचं कार्ड पंच केलं की सरळ डच्चू. आणि गैरवर्तनासाठी काढलेल्याला भत्ताही नाही, अर्जावरच छापलंय. तिच्या घरात कमावणारी ती एकटी. तोंड उघडायचं नाही म्हणून गळ्याची शपथ घ्यायला लावली. खिडकीवाल्या बाईंना मी पटवते! मोज्यांपासून ओळख आहे आमची.

शुक्रवार, २१

नाही पटल्या. "हजेरी कशी लागली, ते कंपनीकडून लेखी आणा." गोड बोलले, मग भांडले, मग पुन्हा गोड बोलले. पालथ्या घड्यावर पाणी.

बाहेर आले तर समोरून बस, आणि चालवणारी बाई! चक्क बाई! मी हात केला, तिनंही केला. राग कुठल्या कुठे पळाला. ह्या वर्षी नाही तर पुढच्या. नाहीच तर नाही. शिडीच्या पोटावर पाय देऊन मला बस नको.

गुरुवार, २७

मंजूर!!! पोस्टमननं स्वतः हाक मारून पाकीट दिलं. 'हजेरीतील चूक दुरुस्त केल्याचे कंपनीने कळवले आहे.' खिडकीवाल्या बाईंनीच फोन फिरवला असणार. वरून फणस, आत गरे, मी म्हणतच होते! धावत जाऊन वर्गात नाव घातलं – शेवटून दुसरं! सासूबाईंनी तासाभरात अख्ख्या गल्लीला कळवलं. ह्यांनी ताट हातात घेऊन वळण कसं घ्यायचं ते शिकवलं. ह्यांना स्वतःला स्कूटरसुद्धा येत नाही!

शुक्रवार, २८

शिडीला सांगायला गेटवर गेले. सगळ्या बाहेर आल्या, ती नाही. वॉचमन म्हणाला, "ती उंच बाई? तिला सोमवारीच काढलं. कार्डाचं तिनंच लिहून दिलं म्हणे साहेबांना."

तशीच तिच्या घरी गेले. दार तिनंच उघडलं. मी चपला काढायच्या आत तिनंच विचारलं, "यादीत आलं ना गं नाव?"